बांधाचा घाम

मला अक्षरओळख नाही. मी बोलते आहे आणि आमचे जावईबापू बोरूने उतरवून घेताहेत. कारकून माणसाला दुसऱ्याचं बोलणं नीटनेटकं करायची खोड असते, म्हणून आधीच बजावून ठेवलंय की मी बोलेन तेच लिहायचं आणि जिथे माझी चूक आहे तिथे सासूची लाज राखायला जायचं नाही. त्यावर ते हसले. म्हटलं, हसलात तेही लिहा.

सदाशिव पेठ संपते तिथून दक्षिणेला, ओढ्याच्या काठाने गेलं की एका सरदारांची बाग लागायची. बागेत तळं होतं. ते शेताला पाणी द्यायला नव्हतं की प्यायला नव्हतं, निव्वळ हौसेचं होतं. काठाला पायऱ्यांचा घाट, घाटावर मंडप, आणि तांबड्या छताची एक नाव. घरच्या बायकांनी दिवस कलला की नावेत बसावं, वारा खावा, चार गाणी म्हणावीत, एवढ्यासाठी मातीचा बांध घालून ओढ्याचा एक फाटा अडवलेला. बांध काही मोठा नव्हे. दोन पुरुष उंच, तळ्याच्या अंगाने दगडांचं अस्तर आणि आमच्या अंगाने गवत. आमच्या अंगाने म्हणजे खालच्या. आमचं घर बांधाच्या पायथ्याशी, त्यापुढे माळ्यांची वस्ती, आणि मग पेठ. बांध फुटला तर पहिलं पाणी आपल्या चुलीत, असं सासऱ्यांनी मला लग्न होऊन आले त्याच दिवशी सांगितलं होतं. नव्या सुनेचं स्वागत म्हणून.

बांध राखायचं काम आमच्या घराकडे. सासऱ्यांनंतर ते आमच्या ह्यांच्याकडे आलं. गवत कापायचं, उंदरा-घुशींची बिळं बुजवायची, तळ्याचं पाणी खालून सोडायची मोरी होती, तिच्या साखळीला तेल द्यायचं. जादा पाणी आपोआप ओढ्यात उतरून जावं म्हणून कडेला दगडी सांडवा होता, त्यात अडकलेल्या फांद्या काढायच्या. पण खरं काम सकाळचं. बांधाच्या पायथ्याशी, गवतात, एका ठिकाणी करंगळीएवढी धार झिरपायची. हे उठले की काशाची वाटी घेऊन तिथे जायचे, वाटी भरायची, उन्हात धरायची, आत बघायचे, आणि घरी येऊन म्हणायचे, "निवळ आहे." मग चूळ भरायची आणि न्याहारी.

"मातीच्या बांधाला घाम येतोच," हे सांगायचे. "घाम निवळ आहे तोवर बांध ठणठणीत. घामात माती आली, की पाण्याने त्याचं पोट आतून खायला घेतलं असं समजायचं. मग वेळ काढायचा नाही."

ह्यांना कधी ताप-बीप आला तर वाटी मी बघायची. अंथरुणातून हे विचारायचे, "वाटी?" मी म्हणायचे, "निवळ." संपलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी वाटी इकडे दाखव म्हटलं नाही. माझ्या शब्दावर ते कूस बदलून झोपायचे. ह्याची मला काही किंमत वाटत नव्हती, नवऱ्याने बायकोचं ऐकावं ह्यात काय मोठंसं!

आता माझी करणी ऐका. त्या साली वैशाख फार कडक गेला. कात्रजहून शहरात येणारं पाणी मंदावलं, पेठेतल्या हौदांवर बायकांची भांडणं जुंपायला लागली, विहिरींचे तळ दिसायला लागले. तळंही अर्ध्यावर आलं होतं. पण आमची ती धार चालूच. बारीक झाली, पण थांबली नाही. मी त्यावर घर चालवलं. एका शुक्रवारी मनात आलं, हिने आपल्याला तारलं, आणि मी धारेच्या तोंडाशी दगडाला हळदकुंकू वाहिलं, दोन जास्वंदीची फुलं ठेवली. मनापासून केलं, त्यात काही खोटं नव्हतं.

नेमकी तेव्हाच पेठेतली एक बाई कळशी घेऊन पाणी शोधत तिथे आली. म्हणाली, "अगंबाई, हे काय गं?" आणि माझी जीभ! तिला सांगायला हवं होतं, बांधाचा पाझर आहे. पण ती रेशीमकाठी लुगड्यातली, मी फाटक्यातली, आणि ती मला कायम 'तळ्यावरची' म्हणून हाक मारणारी. मी मान ताठ करून म्हटलं, "ही आमची गंगा. सगळीकडे आटलं तरी ही आटत नाही."

झालं. आठवड्यात दहा बायका, पंधरवड्यात पन्नास. कुणाची कंबर बरी झाली, कुणाच्या मुलाचा ताप उतरला. मग एक गुरव आला आणि बसलाच. मग कुणीतरी दगडाचं गोमुख करून आणलं, धार त्यातून काढली, खाली चिऱ्यांचं कुंड बांधलं. हळद, कुंकू, बुक्का, फुलं, दूध, जे हाताला येईल ते गोमुखात आणि कुंडात. कुंडातलं पाणी दिवसरात्र पिवळं.

"बायका घामाची पूजा करताहेत," हे म्हणाले. "उद्या माझ्या काखेतही नारळ फोडतील."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना त्यांना."

"सुरुवात कुणी केली?"

शेवटी हे गुरवाकडे गेले आणि म्हणाले, "वाटी बघावी लागते हो सकाळी. हळद जरा खालच्या अंगाला वाहायला सांगा." गुरव म्हणाला, "हळद देवीच्या पायांवर पडते, गावाबाहेर नव्हे." हे परत आले आणि वाटी फळीवर आदळली. तेव्हापासून ते वाटी बुडवण्याआधी कुंड उपसायचे, गोमुखात हात घालून फुलं काढायचे, धार जरा वाहू द्यायचे, मग बघायचे. पार वैतागून जायचे. तरी बघायचे.

आणि मी? माझ्याच तोंडाने सांगते. पेठेतल्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवायला लागल्या. पहिला मान माझा. परवापर्यंत जिच्या ओट्यावर मी चढले नव्हते ती माझी ओटी भरायची. मला आवडलं. फार आवडलं. कोण सोडतं हो अशी गोष्ट?

आषाढात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावईबापूच सोडायला आले होते. आता लिहिताना मान खाली घालून बसलेत. श्रावणात तिला नववा लागला. पाय सुजलेले, उठायला दोघींचा आधार लागायचा. त्याच श्रावणात सरदारांच्या सुनेला सातवा लागला आणि वाड्यावर ठरलं की तिचं डोहाळजेवण नावेत करायचं. सरदार तिकडे उत्तरेत, हिंदुस्थानात छावणीला होते. घरात मोठ्या त्यांच्या आई, आईसाहेब. त्यांच्या मनात आलं म्हणजे झालंच.

पाऊस भरपूर झाला होता, तळं सांडव्याला लागलं होतं. पण नाव घाटाच्या वरच्या पायरीला लागावी, म्हणजे सुनेला चिखल न तुडवता चढता येईल, म्हणून बागेच्या कारभाऱ्यांनी हुकूम दिला की सांडव्याला फळ्या मारा आणि पाणी अजून हातभर चढवा.

हे धावत गेले. म्हणाले, "कारभारी, सांडवा म्हणजे तळ्याचं नाक आहे. ते दाबू नये. कात्रजच्या डोंगरावर ढग बसलेत."

कारभारी म्हणाले, "आठ दिवसांचा प्रश्न आहे. तू तुझं गवत काप."

फळ्या लागल्या. त्याच संध्याकाळी ह्यांना हिवताप भरला. चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. आणि वाटी माझ्याकडे आली.

पहिल्या दिवशी वाटीतलं पाणी पिवळसर. कुंड उपसायला हवं होतं, गोमुख साफ करायला हवं होतं. पण बायका पहाटेपासून रांगेत. त्यांच्यादेखत गंगेत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी वाहिलेली फुलं उकिरड्यावर फेकू? काय म्हणतील मला? मी वाटी उन्हात धरली, मनाशी म्हटलं हळद आहे, आणि घरी आले.

"वाटी?"

"निवळ."

हे झोपले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून धार वाढली. करंगळीची मनगटाएवढी झाली. बायकांना काय आनंद! गंगेला भर आला म्हणून नारळांचा खच पडला. गुरवाने शंख फुंकला. मलासुद्धा, बांधाखाली उभं आयुष्य काढलेल्या बाईला, शंका आली आणि मी ती मनातच दाबली. घरी येऊन म्हटलं, "निवळ."

सहाव्या दिवशी बागेचं दार बाहेरच्यांना बंद झालं. वाड्यावरच्या बायका तयारीला येणार, परक्या माणसाची नजर नको, आणि गंगेची वाट बागेतूनच. गंगेवर कुणी फिरकेना, गुरवसुद्धा. वाटीत पाणी पिवळंच. म्हटलं, कालची हळद उरली असेल. सातव्या दिवशी पाऊस पडला. म्हटलं, पावसाचा गढूळपणा. आठव्या दिवशी लख्ख ऊन. दोन दिवसांत चिमूटभर हळद पडलेली नाही, पाऊस थांबलेला, आणि वाटी भरली तर पाणी तसंच. पिवळंही नव्हे आता, तांबूस. मी वाटी दगडावर ठेवली आणि शेजारी बसून राहिले. सगळा रंग हळूहळू खाली बसला. मी बोट घातलं आणि चोळलं. हळद असती तर बोट रंगलं असतं. बोटाला कचकच लागली. माती. बांधाच्या पोटातली माती.

बांधावर नजर टाकली, पलीकडे हातभर चढवलेलं पाणी, अलीकडे माझं घर, घरात नवव्या महिन्यातली लेक, तापाने फणफणलेला नवरा, आणि मी आठ दिवस निवळ म्हणून सांगत आलेली. लेक दारात बसून केस विंचरत होती. "आई, तोंड का असं झालंय?" तिने विचारलं. मी तशीच आत गेले.

ह्यांना म्हटलं, "अहो, माती येते आहे."

ताप कुठल्या कुठे गेला त्यांचा. उठून बसले. ओरडले नाहीत, विचारलं नाही कधीपासून. सगळं भराभरा सांगितलं. "सांडव्याच्या फळ्या आधी काढायच्या. मग मोरी उघडायची. आणि त्या धारेला बुजवायचं नाही, कुणी कितीही सांगो. बुजवली तर पाणी दुसरीकडून फाडून येईल. ते कुंड आणि गोमुख काढून टाका, आणि धारेवर आधी वाळू, वर बारीक खडी, वर दगड. पाणी येऊ दे, माती अडव. मी लेकीला वर घेऊन येतो. तू पळ."

मी पळाले. मंडपाशी कारभारी उभे, डोक्याला पागोटं, कमरेला शेला. मी वाटी पुढे केली. म्हटलं, "बांध आतून खाल्ला जातोय. फळ्या काढा."

"जेवण होऊ दे. मग बघू."

"जेवण होईपर्यंत बांध थांबेल असं त्याने आपल्याला सांगितलंय का?"

कारभारी लाल झाले. "नवरा अंथरुणात, आता तू धरण बघणार! उद्या मांजर पागा सांभाळेल. आणि गंगेच्या पाण्याला माती म्हणतेस? जीभ झडेल."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी त्यांना बाजूला सारून बायकांच्या मंडपात शिरले. सून नावेत बसली होती, हिरव्या शालूत, फुलांनी मढलेली. बायका गाणं म्हणत होत्या, त्या थांबल्या. आईसाहेब घाटाच्या पायरीवर. मी त्यांच्या पायांशी वाटी ठेवली.

"आईसाहेब, ती गंगा नाही. पहिली हळद मी वाहिली आणि पहिली थापही मीच मारली. तो बांधाचा घाम आहे आणि त्यात माती आली आहे. आपण बोट घालून बघा."

कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. माझी ओटी भरणाऱ्या दोघी-तिघी तिथेच होत्या, त्यांच्याकडे मी बघितलं नाही. आईसाहेबांनी बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं. बाई चाणाक्ष. आयुष्यभर नवऱ्याच्या आणि मुलाच्या छावण्यांमधून फिरलेली.

"आजच आली माती?"

"कधीपासून ते ठाऊक नाही. मी आठ दिवस नीट बघितलंच नाही, आणि घरी निवळ सांगितलं."

त्यांनी बोट पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "लेक कितव्यात आहे तुझी?"

"नववा सरत आलाय. घरातच आहे. बांधाखाली."

आईसाहेब उठल्या. सुनेला म्हणाल्या, "उतर गं." कारभाऱ्यांना म्हणाल्या, "फळ्या काढा. मोरी उघडा."

"पण मुहूर्त, आईसाहेब..."

"पेठ बुडाली तर मुहूर्ताचं काय लोणचं घालू?"

फळ्या निघाल्या आणि पाणी सांडव्यावरून धाडधाड ओढ्यात उतरलं. मोरीची साखळी चार गड्यांनी ओढली तेव्हा तिच्या तोंडातला दट्ट्या वर आला. तोवर मी माळ्यांना घेऊन खाली पोचले होते. पहारी होत्या, वाळूच्या पाट्या होत्या. आणि सगळे गोमुखासमोर हात जोडून उभे. एकही पुढे होईना. गलबला ऐकून गुरव धावत आला होता आणि आडवा पडला होता. एक म्हातारा माळी मला म्हणाला, "बाई, गंगेवर पहार आम्ही नाय घालणार. पोरंबाळं हायत आमाला."

"पोरंबाळं आहेत म्हणूनच घालायची," मी म्हटलं. पण ते हलेनात. त्यांचं तरी काय चुकलं? मीच तर त्यांना गंगा म्हणून सांगितलं होतं.

मी पहार उचलली. पदर खोचला, गुरवाला म्हटलं, "बाजूला व्हा, नाहीतर पायावर बसेल." तो झाला बाजूला. मी हळद वाहिली होती त्याच दगडावर पहिला घाव घातला. खरं सांगू का, माती आलेली डोळ्यांनी बघूनसुद्धा वाटत होतं, हिने वैशाखात आपल्याला पाजलं. मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि दुसरा घाव घातला. गोमुख तुटलं, आणि तांबडं पाणी भसकन माझ्या पोटऱ्यांवर आलं. ते बघितल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. म्हाताऱ्या माळ्यानेच पहिली पाटी ओतली.

वाळू, खडी, दगड. पहिल्या पाट्या पाणी ढकलून द्यायचं, आम्ही पुन्हा ओतायचो. हे बांधावर गोधडी पांघरून बसून वरून ओरडत होते, "घाई करू नका, थर नीट घाला!" उन्हं कलेपर्यंत तळं कमरेएवढं उतरलं आणि दगडांमधून येणारी धार बारीक झाली. बारीक आणि निवळ. पुढे तळं रिकामं करून बांध उकरला तेव्हा आत खांद्यापर्यंत हात जाईल एवढं बीळ सापडलं. अजून दोन दिवस, की फुटलाच असता, असं हे म्हणाले.

डोहाळजेवण झालं बरं का! सून हट्टाला पेटली, जेवीन तर नावेतच. नाव तोवर घाटाखालच्या चिखलात टेकलेली, एका अंगाला कललेली. ताट घसरायचं, लाडू घरंगळायचे, बायका हसून हसून बेजार. आईसाहेबांनी माझ्या लेकीला नावेत बोलावून सुनेच्या शेजारी बसवलं आणि तिचीही ओटी भरली. पाचव्या दिवशी माझी लेक सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, आमच्याच घरात, बांधाखाली.

पेठेतल्या बायकांनी मला टाकलंच. 'गंगा मोडणारी' म्हणायच्या. 'तळ्यावरची' होते त्याहून हे नाव भारी आहे असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्याचं मला काही वाटलं नाही.

वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं होतं, आठही दिवसांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी बघून आले. अंगात कणकण होतीच त्यांच्या, पडूनच होते.

"वाटी?"

"निवळ," मी म्हटलं. आणि ती होतीही निवळ.

"इकडे आण," ते म्हणाले.

मी वाटी नेली. त्यांनी उजेडात धरून बघितली आणि परत दिली. त्यानंतर जितक्या वेळा वाटी माझ्या हातून आली, तितक्या वेळा हे म्हणाले, "इकडे आण." रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. रोजचं काम म्हणून. असं किती वर्षं. नातीला चालता यायला लागलं, बोलता यायला लागलं, तिचं लग्न ठरलं. ह्यांची नजर गेली तरी वाटीत बोट घालून चोळायचे. बाकी सगळ्या गोष्टींत माझं ऐकायचे, एवढी एक सोडून. मीही कधी तक्रार केली नाही. कशाच्या जोरावर करणार?

ह्यांचं शेवटचं दुखणं आलं तेव्हाही श्रावणच होता. तळं भरलेलं, सांडवा मोकळा वाहत होता. मी वाटी घेऊन घरात आले. सवयीने थेट अंथरुणाशी गेले, वाटी पुढे धरूनच.

"वाटी?"

"निवळ," मी म्हटलं आणि त्यांचा हात धरायला वाकले, बोट बुडवायला.

त्यांनी हात मागे घेतला. "असू दे," म्हणाले. "तू बघितलंस ना." आणि भिंतीकडे कूस बदलून झोपले.

मी वाटी हातात धरून तिथेच उभी राहिले आणि मला रडू आवरेना. तिसऱ्या दिवशी हे गेले. पण त्या सकाळी वाटी खरंच निवळ होती, जावईबापू. हे दोनदा लिहा.